मधल्या चौकटीचा सिद्धांत

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून माझ्या दोन वह्या. एक ऑफिसची, कारण आमच्या प्रमुखबाईंचं नवं फर्मान आहे की प्रत्येक डिझायनरने प्रत्येक निर्णयाचं कारण लिहून ठेवायचं. दुसरी ही, घरची, खरी कारणं लिहायला. उदाहरणार्थ, ऑफिसच्या वहीत आज लिहिलं, ‘निळा रंग विश्वासार्ह वाटतो म्हणून निवडला.’ खरं कारण असं की हिरवा की निळा यात अडीच तास गेले आणि घरी निघायची वेळ झाली.

प्रमुखबाईंना मागून सगळे घाईबाई म्हणतात. समोर मॅडम. त्यांनी आज मला केबिनमध्ये बोलावून शोधाच्या निकालांचं पान हातात दिलं. आमच्या सॉफ्टवेअरवर छोटे धंदेवाले आपापली वेबसाइट तयार करतात. केस कापणारे, दातांचे डॉक्टर, गिटार शिकवणारे. त्यांना काही जास्तीचं हवं असलं, म्हणजे गिऱ्हाइकाने वेळ ठरवायची सोय किंवा फोटोंचं पान, तर आमच्या ऑनलाइन दुकानातून एखादं छोटं प्लगिन घेऊन वरून जोडायचं, शर्टाला खिसा लावावा तसं. दुकानात आठ हजार चारशे प्लगिन आहेत. ‘अपॉइंटमेंट’ असं शोधलं की तीनशे बारा समोर येतात. एक ना धड भाराभर चिंध्या. एका सलूनवाल्याचं रेकॉर्डिंग बघितलं. बिचारा बावीस मिनिटं खाली खाली जात राहिला आणि शेवटी काहीच न घेता उठला.

“माणसाने शोधलं की त्याला निवडता आलं पाहिजे,” घाईबाई म्हणाल्या. “चौदा एप्रिलला नवं पान लोकांपुढे. दहा आठवडे आहेत तुझ्याकडे.”

निवडायला मदत करायचं काम आणि ते माझ्याकडे! मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि दात घासायचा ब्रश घ्यायला मला पाऊण तास लागतो. लग्नाच्या बाबतीत तर समोर दोनच पर्याय होते. दोघींनी माझी भरपूर वाट पाहिली आणि आपापली निवड करून मोकळ्या झाल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

खऱ्या वापरणाऱ्यांवर चाचणी घ्यायची तर ती भिंगामार्फत. भिंग म्हणजे आमची संशोधक. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून हे नाव. तिच्याकडे तीन आठवड्यांची रांग आहे. मला कुठला धीर! ऑफिसातला लांबरुंद मॉनिटर शुक्रवारी घरी आणला, जेवणाच्या टेबलावर मांडला, वर कॅमेरा लावला आणि आईला बसवलं.

आई गेल्या वर्षीपासून माझ्याकडे आहे. तिचं कपडे आखूड-लांब करून द्यायचं दुकान होतं, चाळीस वर्षं चालवलं, मग एक दिवस अचानक ‘पुरे झालं’ म्हणून बंद केलं. कॉम्प्युटरला तिने आजवर फक्त पुसायला हात लावलाय. म्हणजे मनाची पाटी कोरी. संशोधनाला याहून चांगलं माणूस मिळणार नाही, अशी मी माझी समजूत घातली.

निकालांच्या तीन-तीन चौकटी एका ओळीत मांडल्या होत्या. डावी, मधली, उजवी. “आई, समज तुझं सलून आहे. गिऱ्हाइकांनी घरबसल्या वेळ ठरवावी असं तुला वाटतं. यातलं कुठलं घेशील?”

तिने मधलं घेतलं.

मी चौकटींची अदलाबदल केली. तिने मधलं घेतलं. रंग बदलले, पसंतीच्या चांदण्या कमी-जास्त केल्या, नावं बदलली. बारा वेळा विचारलं, अकरा वेळा मधलं! एकदा उजवं, पण तेव्हा मीच खोकलो होतो आणि तिने माझ्याकडे मान वळवली होती.

मी शेजारी बसून सगळं लिहून घेतलं. इतकी वर्षं डिझाइनमध्ये घालवली, पण आज पहिल्यांदाच काहीतरी शोधून काढलं असं वाटलं. माणूस मधलं निवडतो. बस्स!

११ फेब्रुवारी, मंगळवार

मीटिंगमध्ये ‘मध्य-सिद्धांत’ मांडला. नाव मीच दिलं. घाईबाईंना फार आवडला, कारण तो तीन शब्दांत सांगता येतो.

भिंगाने एकच प्रश्न विचारला. “किती जणांवर केली चाचणी?”

“प्राथमिक पातळीवर,” मी म्हणालो.

“किती जण?”

“एक.”

सगळे हसले. मग मीही हसलो, थोडा उशिरा. म्हणालो, “शितावरून भाताची परीक्षा करतातच की.”

“भाताची करतात,” ती म्हणाली, “माणसांची नाही.”

पण घाईबाईंनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि तिथली हवा छान असते. पुढे जायची परवानगी मिळाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरी चाचणी. आई सकाळपासून तयार होऊन बसली होती. चांगली साडी, वर तो करड्या रंगाचा स्वेटर, केसही नीट विंचरलेले. कॅमेऱ्याची हौस कुणाला नसते! मी चहाचा मग तिच्या डाव्या हाताशी ठेवला होता, तो तिच्या कोपराने खाली गेला. गेल्या पंधरा दिवसांत हा तिसरा. मी मनात म्हटलं, वय झालं. तोंडाने मात्र “असू दे, असू दे” म्हणत फरशी पुसली, कारण कॅमेरा चालू होता.

आज तिच्या तोंडून असं वाक्य निघालं की मी जागच्या जागी उडालो. मी विचारलं, “या तिन्हींतलं कुठलं?”

ती म्हणाली, “एकच तर आहे. त्यात निवडायचं काय?”

वा! आम्ही डिझायनर लोक वापरणाऱ्यापुढे पर्यायांचा ढीग घालतो आणि त्याच्या दृष्टीने पर्याय एकच असतो. बाकीचे त्याच्या लेखी नसतातच. दुकानदारी कोळून प्यायलेली बाई एका वाक्यात सांगून गेली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून ऑफिसातल्या भिंतीवर लावलं. येणारे-जाणारे फोटो काढतात. भिंग बराच वेळ त्याच्यापुढे उभी होती. फोटो तिने काढला नाही. “हे त्या कुठल्या पानाकडे बघून म्हणाल्या?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, तत्त्वज्ञानाला पान नसतं. हे मला तेव्हा फार चपखल उत्तर वाटलं. आत्ता लिहिताना तितकंसं वाटत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

स्टीलचे मग आणले. आता फोडा म्हणावं.

ताईचा फोन आला होता. ती दुसऱ्या गावी असते आणि आईची काळजी फोनवरून करते, म्हणजे मला कामाला लावते. मगांची गोष्ट मी गंमत म्हणून सांगितली, तर म्हणाली, “तिचे डोळे तपासलेस का शहाण्या?”

मी आईला विचारलं. ती उठली, सुईदोरा काढला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्या झटक्यात सुई ओवली. सगळ्यात बारीक सुई! मग माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण लावून दिलं. मी ताईला फोनवर आँखों देखा हाल सांगितला. चष्मा लावून मला स्वतःला ती सुई दिसत नव्हती, ओवायचं तर लांबच.

“बरं,” ताई म्हणाली. “मग हाताला काही झालंय का बघ.”

या बाईला काही ना काही झालेलंच हवं असतं.

२ मार्च, रविवार

पान आकाराला येतंय. मधली चौकट मोठी केली. तिच्यात फक्त नाव आणि चांदण्या न देता सोप्या भाषेत एक ओळ घातली की हे कुणाच्या उपयोगाचं आहे. ‘एकट्याने सलून चालवणाऱ्यांसाठी. वेळ ठरली की फोनवर निरोप येतो.’ हे मला मनापासून आवडलंय. सिद्धांताशी याचा संबंध नाही, पण ते कुणाला सांगायची गरज नाही.

आईवर आज एक दुष्ट प्रयोग केला. मुद्दाम मध्ये रोपवाटिकेच्या यादीचं प्लगिन ठेवलं आणि दोन्ही बाजूंना अगदी बरोबरची. आता तरी ती बाजूला जाणार की नाही?

ती मोठ्याने वाचत गेली. लहानात लहान अक्षरसुद्धा घडाघडा. मग म्हणाली, “हे झाडांचं आहे रे. हे काय करायचंय मला? दुसरं दाखव.”

“अगं, दुसरी आहेत ना समोर.”

तिने मान डावीकडे फिरवली. नुसती नजर नाही, अख्खी मान, खांद्यासकट. “हां,” म्हणाली, “आहे की.” आणि घाईघाईने ते निवडलं.

ऑफिसच्या वहीत निष्कर्ष लिहिला, ‘वापरणारा बाजूला बघण्याचे कष्ट घेण्यापेक्षा मधलं नाकारून दुसऱ्याची मागणी करणं पसंत करतो.’ या माणसांच्या आळसाला काय म्हणावं!

७ मार्च, शुक्रवार

आईने संध्याकाळचं फिरणं बंद केलंय. गुडघे दुखतात म्हणे. पण घरात तर तुरुतुरु चालते. मी म्हटलं, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत तरी जा. म्हणाली, “त्या कोपऱ्यावर सायकलवाले अंगावर येतात. कुठून उगवतात कळत नाही.”

नगरपालिकेकडे तक्रार करायला हवी. करणार होतो, पण अर्जाच्या साइटवर चौदा प्रकार होते. कुठला निवडावा कळेना, म्हणून राहून गेलं.

१४ मार्च, शुक्रवार

अखेर भिंगाची चाचणी झाली. आठ खरे धंदेवाले आले. मी काचेपलीकडे वही-पेन घेऊन, कॉलर ताठ करून बसलो होतो.

आठांपैकी मधलं निवडलं दोघांनी. पाच जण डावीकडून ओळीने वाचत गेले, कुणीही कागद वाचेल तसे. एक बाई तर तिन्ही चौकटी सोडून खाली गेल्या आणि म्हणाल्या, “मधलं इतकं मोठं केलंय म्हणजे काहीतरी गळ्यात मारायचा डाव असणार.”

मी म्हणालो, परक्या खोलीत माणसं बिथरतात. खुर्च्या उंच होत्या. उजेड जास्त होता. भिंगाने सगळं ऐकून घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिने म्हटलं नाही. ते मीच आत्ता इथे लिहितोय.

घाईबाई चक्रावल्या. “तुझ्या अभ्यासात बारात अकरा वेळा मधलं आणि हिच्या अभ्यासात आठात दोन? चौदा एप्रिलला पान लागायचंय. तुझी रेकॉर्डिंग तिला दे. ती बघून सांगेल काय ते.”

मी म्हटलं, देतो. जरा नीट लावून देतो.

३० मार्च, रविवार

आईवर सहावी चाचणी. तीच एक आता माझ्या बाजूने उरली आहे.

आज तिने मला विचारलं, “हे काम संपलं की रविवारी काय करणार?” मी म्हटलं, झोपणार. ती म्हणाली, “बरोबर आहे. दमतोस.” आणि स्वेटरची बाही सारखी करत बसली. मला उगाच अपराधी वाटलं. कशाबद्दल ते कळलं नाही, म्हणून सोडून दिलं.

निकाल तोच. दहात दहा. तिच्या डाव्या दंडावर मोठा काळानिळा डाग होता. म्हणाली, दाराची चौकट लागली. या घराची दारं म्हणे अरुंद आहेत. इतकी वर्षं इथे राहतोय, माझ्या कधी लक्षात आलं नाही.

संध्याकाळी रेकॉर्डिंग नीट केली. ती मान फिरवते ते तुकडे काढून टाकले. ते चांगले दिसत नव्हते.

८ एप्रिल, मंगळवार

भिंगाने माझी फाइल दहा मिनिटांत परत केली. “हे कापलेलं आहे. न कापलेलं द्या.”

मी म्हटलं, उगाच तुझा वेळ जाईल, सहा-सात तासांचं आहे.

“माझं कामच ते आहे.”

दिलं. आता सहा दिवसांवर सगळं आलंय आणि या मुलीला माझ्या आईच्या मानेत रस आहे.

१० एप्रिल, गुरुवार

भिंगाने जेवायच्या सुट्टीत छोट्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, आता माझी बिनपाण्याने होणार. मी मनातल्या मनात तीन-चार सबबी मांडूनही ठेवल्या.

ती म्हणाली, “आवाज बंद करून दाखवते. तुम्ही नुसतं बघा.”

पहिल्या तुकड्यात मी आईच्या डावीकडे मग ठेवतो. थोड्या वेळाने तिला तो हवा असतो. ती त्याच्याकडे बघत नाही. हात टेबलावरून सरकवत सरकवत चाचपते आणि मग पाडते. दुसऱ्यात मी उजवीकडून येतो, अगदी जवळ. मी खांद्याला हात लावेपर्यंत तिला पत्ताच नाही. मग ती केवढी दचकते! तिसऱ्यात मी तिन्ही चौकटींवर हात फिरवून दाखवतोय आणि ती हसून मान डोलावतेय. पण तिची नजर समोर एका जागी खिळलेली. माझा हात बाजूला गेला की तिच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही. हे सगळं मी शेजारी बसून पाहिलं होतं. म्हणजे पाहिलं कुठे, मी लिहीत होतो.

“त्या मधलं निवडत नाहीयेत,” भिंग म्हणाली. “त्यांना तेवढंच दिसतंय. त्यांना उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. माझ्या मामाचं असंच झालं होतं, म्हणून सांगते.”

मला राग आला. खरंच आला. मी म्हणालो, “काहीतरीच काय! ती एका झटक्यात सुई ओवते.”

“सुई समोर असते,” ती म्हणाली.

त्यानंतर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा ‘थँक यू’ म्हणालो. असल्या वेळी मी असलंच काहीतरी बोलतो.

११ एप्रिल, शुक्रवार

डोळ्यांचा दवाखाना. आईला सांगितलं की नेहमीची तपासणी आहे. ती एका शब्दानेही नको म्हणाली नाही, लगेच चपला घालून तयार.

एक मशीन असतं. पांढऱ्या वाडग्यात तोंड घातल्यासारखं बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर होतो. मला दिवे दिसत नव्हते, बटणाचा आवाज तेवढा यायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. शेजारच्या खोलीतल्या मशीनवर कुणीतरी भराभर टकटक करत होतं. मी मनात म्हणत होतो, दाब ना आई, दाब.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “बिघडलंय वाटतं त्यांचं. दिवेच लागत नव्हते.”

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. दोन्ही डोळ्यांचे दोन गोल, कडेने काळे आणि मध्ये थोडा उजळ भाग. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि कडेपासून दिसणं जायला लागतं. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही.

“गेलेलं परत येणार नाही,” त्या म्हणाल्या. “उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. आजपासून थेंब सुरू करा, दोन आठवड्यांनी ऑपरेशनचं ठरवू. दाब फार आहे. कधीपासून होतंय हे?”

आई माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे मान वळवून बघायला लागली.

मी म्हणालो, “नऊ फेब्रुवारीला होतं. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे.”

त्यांनी पेन थांबवलं. “कसलं रेकॉर्डिंग?”

मी सांगितलं. सहा रविवार, दहा-दहा, बारा-बारा वेळा, कुठल्या बाजूचं दिसलं आणि कुठल्या बाजूचं नाही, तारखेसकट. त्या म्हणाल्या, इतकी बारीक नोंद आमच्याकडेही कुणी ठेवत नाही. चेष्टा नव्हती त्यात, पण मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

“तेव्हाच आलो असतो तर?” मी विचारलं.

“थोडं जास्त उरलं असतं कदाचित. नक्की नाही सांगता येत.”

घरी येऊन ताईला फोन केला. तिने मला एक शब्दही लावून बोलू नये, हे सगळ्यात वाईट झालं.

१४ एप्रिल, सोमवार

मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं, “मध्य-सिद्धांत चुकीचा आहे. माझ्या अभ्यासात एकच व्यक्ती होती आणि तिला दोन्ही बाजूंचं दिसत नव्हतं.”

कुणी हसलं नाही. उशिरासुद्धा नाही.

घाईबाईंनी पान सहा आठवडे पुढे ढकललं. इतक्या वर्षांत त्यांनी काहीही पुढे ढकललेलं मी पाहिलं नव्हतं. नंतर बाहेर गाठून म्हणाल्या, “ऑपरेशनच्या वेळी रजा घे. विचारू नकोस, घे.” भिंतीवरचं वाक्य मी स्वतः काढलं. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडा निघाला.

पान आता भिंग आणि मी मिळून करणार. निकाल एकाखाली एक, एका सरळ ओळीत. कुठलंही मोठं नाही. ‘हे कुणाच्या उपयोगाचं’ ही ओळ तिने ठेवायला सांगितली. म्हणाली, आठांपैकी सहा जण तिच्यावर थांबले होते. मी आनंद दाखवला नाही. मला तो झालाही नाही फारसा.

२० एप्रिल, रविवार

मॉनिटर ऑफिसात परत गेलाय. सकाळी थेंब घातले. दोन्ही डोळ्यांत, मग पाच मिनिटं मिटून ठेवायचे. मी घड्याळ लावून बसतो.

दहा वाजता बाहेर आलो तर आई टेबलापाशी बसलेली. चांगली साडी, करडा स्वेटर, केस विंचरलेले. टेबल रिकामं.

मी म्हणालो, “आई, आता चाचणी नाहीये.”

“माहीत आहे मला.”

मग माझ्या तोंडून गेलंच. “तुला कळत होतं ना? कडेचं दिसत नाही ते?”

“इतकं कळतं रे. चाळीस वर्षं कापडाच्या कडाच बघितल्या मी. त्या दिसेनाशा झाल्या म्हणून तर दुकान बंद केलं.”

“मग बोलली का नाहीस? ताईने विचारलं तेव्हा सुई कशाला ओवून दाखवलीस?”

ती म्हणाली, “मागे सांगणारच होते. तेवढ्यात तू ते मशीन आणलंस. दर रविवारी तासभर शेजारी बसायला लागलास. मी म्हणेन ते लिहून घ्यायचास. आई, हे कसं वाटतं, ते कसं वाटतं. तुझे बाबा गेल्यापासून मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. डोळ्यांचं सांगितलं असतं तर तू दुसरं माणूस शोधलं असतंस.”

खोटं नव्हतं ते. शोधलं असतं. चाचणीला चांगले डोळे लागतात, हे ऑफिसच्या वहीत मीच लिहिलं असतं, कारणासकट.

मला रडू आलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, सकाळी दहा वाजता, अंघोळ न करता. आईला ते दिसलं नसावं, कारण मी तिच्या शेजारीच उभा होतो. म्हणजे एवढे सगळे रविवार मी जिथे बसायचो तिथे मी तिला दिसतच नव्हतो.

“अगं, मग मी शेजारी आहे ते तुला कळायचं कसं?”

“पेनाचा आवाज यायचा ना.”

मी खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पलीकडे, बरोबर तिच्या समोर ठेवली. बसलो. तिने माझ्याकडे बघितलं, मान न वळवता.

“दाढी वाढलीय तुझी,” म्हणाली. “आणि डोळे का लाल झालेत?”

“तुझे थेंब उडाले.”

“हं. विचार आता.”

“काय विचारू?”

“काहीही. तास आहे ना तुझ्याकडे?”

माझ्याकडे एकही प्रश्न तयार नव्हता. वहीही आतच राहिली होती. शेवटी विचारलं, “मी ऑफिसला गेलो की दिवसभर तू काय करतेस?”

ती सांगायला लागली. साडेबारा वाजले तरी अजून ती दुपारपर्यंतही पोचली नव्हती.